१९८०च्या नऊ बाटल्या: मागे पडलेल्या सालाची व्हिंटेज पोर्ट उघडायची कधी?

शेफील्डमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी डॉक्टरांच्या तळघरात डाऊ या पोर्ट बनवणाऱ्या घराण्याच्या १९८० सालच्या व्हिंटेज पोर्टच्या नऊ बाटल्या शिल्लक होत्या, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे काय करायचे यावरून घरात तीन मते झाली होती. डॉक्टरकाकांचे वय तेव्हा ७९ होते. उरलेल्या सगळ्या बाटल्या दोन-तीन वर्षांत संपवाव्यात असे त्यांना वाटत होते. मुलगी १९८० सालीच जन्मलेली. तिला २०३० मधल्या स्वतःच्या पन्नाशीसाठी निम्म्या तरी राखून ठेवायच्या होत्या. जावयाच्या मते एवढी जुनी पोर्ट लिलावात विकणे शहाणपणाचे होते. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षे वाइनच्या व्यवसायात काढली असल्यामुळे हा तिढा माझ्याकडे आला. पुढे त्याचा निर्णय कसा झाला ते सविस्तर लिहीत आहे, कारण अशा मागे पडलेल्या सालांच्या बाटल्या अनेकांच्या घरी असतात आणि त्यांच्याविषयी मिळणारा सल्ला बहुधा सालाच्या नावावरून दिलेला असतो, बाटलीवरून नव्हे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे पोर्ट म्हटले की गोव्याहून येताना आणलेली स्वस्त, गोड, लाल वाइन डोळ्यांसमोर येते. डॉक्टरांच्या सावंतवाडीच्या धाकट्या भावाला दादाने चाळीस वर्षे पोर्ट सांभाळून ठेवली याचे हसूच येत असे, आणि त्या पोर्टपुरते त्याचे हसणे योग्यही होते, कारण ती आणल्याबरोबर प्यायची असते. इथे जिचा विचार चालू आहे ती पोर्तुगालच्या उत्तरेकडील दौरु नदीच्या खोऱ्यातली. या खोऱ्याची हद्द १७५६ साली पोंबालच्या मार्क्विसने आखून दिली. तिथे द्राक्षरस आंबत असताना साधारण निम्मी साखर उरलेली असतानाच त्यात ७७ टक्के मद्यार्काचे आग्वार्देन्त, म्हणजे द्राक्षांपासून गाळलेले कडक मद्य, मिसळतात. आंबणे तिथेच थांबते आणि सुमारे २० टक्के मद्यार्काची, गोड आणि अतिशय तुरट वाइन तयार होते. चांगल्या सालातली निवडक वाइन साधारण दोन वर्षे पिंपात ठेवून न गाळता बाटलीत भरली की ती व्हिंटेज पोर्ट झाली. तिचे पुढचे सगळे मुरणे बाटलीतच होते. तुरटपणा देणारे टॅनिन आणि रंगद्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून जड होत तळाशी बसतात, त्याचा जाड साका तयार होतो, आणि वर राहिलेली वाइन फिकी व मऊ होत जाते. कोणते साल व्हिंटेज म्हणून जाहीर करायचे हे प्रत्येक घराणे स्वतः ठरवते आणि त्याला तिथल्या नियामक संस्थेची मान्यता घ्यावी लागते. सर्वसाधारणपणे दहा वर्षांत तीनेक साले अशी जाहीर होतात.

१९८० हे साल बहुतेक मोठ्या घराण्यांनी जाहीर केले होते, तरीही ते मागे पडले. याचे कारण बाटलीत शोधण्यापेक्षा बाजाराच्या क्रमात शोधावे. १९७७ची पोर्ट १९७९ साली बाटल्यांत भरली गेली आणि तिची एवढी स्तुती झाली की इंग्लंडमधल्या शौकिनांनी आपली तळघरे तिनेच भरून टाकली. त्यानंतर तीनच वर्षांनी १९८०ची पोर्ट बाजारात आली, तेव्हा घेणाऱ्यांना तिचा भाव चढा वाटला आणि घेण्याची घाईही उरली नव्हती. मग काही घराण्यांनी १९८२ जाहीर केले, काहींनी १९८३ जाहीर केले आणि लगोलग १९८५ आले, जे जवळजवळ सर्वांनीच जाहीर केले. आठ-नऊ वर्षांच्या अवधीत एवढी साले एकामागोमाग आली तर त्यातले मधले एखादे झाकोळणारच. १९६३च्या शेजारी १९६०चे हेच झाले, काही अंशी १९६६चेही. आणि पुढे १९९२ व १९९४ यांच्या गर्दीत १९९१चेही.

इथे मला एक भेद महत्त्वाचा वाटतो, कारण पिण्याची वेळ ठरवताना तो निर्णायक ठरतो. काही साले मुळातच हलकी असल्यामुळे मागे पडतात. १९७५ हे त्याचे उदाहरण आहे. एप्रिल १९७४च्या क्रांतीनंतरच्या अस्थिर पोर्तुगालमध्ये ते जाहीर झाले. पोर्ट लवकर तयार झाली आणि लवकरच उतरणीलाही लागली. अशा सालाची बाटली आज सापडली तर थांबण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या प्रकारची साले केवळ शेजाऱ्याच्या सावलीमुळे मागे पडतात, आणि त्यांची पोर्ट अंगाने भक्कम असू शकते. सिमिंग्टन कुटुंबाकडे असलेल्या डाऊ, वॉर आणि ग्रॅहम या घराण्यांची १९८० या दुसऱ्या प्रकारात मोडते. डाऊची तर त्या सालातल्या उत्तम पोर्टमध्ये गणना होते. तिसरा प्रकार जाहीर न झालेल्या सालांचा. १९८७ किंवा १९९५ अशा वर्षी मोठी घराणी आपल्या मुख्य नावाने पोर्ट न काढता एखाद्या मळ्याच्या नावाने काढतात, जसे टेलरचे वार्जेलाश, ग्रॅहमचे माल्वेदोश किंवा डाऊचे बोंफी. ती मुख्य पोर्टपेक्षा सहसा लवकर पिण्याजोगी होते. ‘दुर्लक्षित साल’ हा एकच शिक्का या तिन्हींवर मारून ‘लवकर प्या’ असे सांगणे म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर बघून रुग्णाला औषध देण्यासारखे आहे. हे मी डॉक्टरांना म्हणालो तेव्हा ते म्हणाले, “अरे, मग रुग्ण तपास आधी.”

तपासणी बाटल्यांच्या इतिहासापासून सुरू झाली. डॉक्टर १९७२ साली इंग्लंडला आले. मुलगी जन्मल्यावर रुग्णालयातल्या एका ज्येष्ठ इंग्रज सहकाऱ्याने त्यांना सांगितले की आमच्याकडे मुलाच्या जन्मसालाची पोर्ट घेऊन ठेवतात. त्यानुसार त्यांनी १९८३ साली डाऊची बारा बाटल्यांची लाकडी पेटी घेतली. त्या वेळी त्यांनी स्वतः पोर्ट कधी चाखलीसुद्धा नव्हती. पेटी अकरा वर्षे पहिल्या घराच्या जिन्याखालच्या फडताळात राहिली, आणि दुर्दैवाने त्या फडताळाच्या मागच्याच भिंतीला पाणी तापवण्याचा बॉयलर होता. १९९४ मध्ये ते सध्याच्या जुन्या दगडी घरात आले. तिथे खरेखुरे तळघर आहे. मी तिथे थर्मामीटर ठेवून पाहिले आणि त्यांच्या जुन्या नोंदीही वाचल्या. हिवाळ्यात साधारण ९ अंश, उन्हाळ्यात फार तर १७, आणि हा बदल अगदी संथ. तळघरासाठी हे समाधानकारक आहे. म्हणजे आयुष्याच्या पहिल्या दशकात या बाटल्यांनी ऊब सोसली होती आणि पुढची तीस वर्षे गारव्यात काढली होती. पहिल्या अकरा वर्षांचा परिणाम पुसला जात नाही. तेवढे वय वाढलेले धरावेच लागते.

बारापैकी तीन बाटल्या उघडून झाल्या होत्या: २००१ मध्ये मुलीच्या एकविसाव्या वाढदिवसाला, २००७ मध्ये तिच्या लग्नात आणि २०१० मध्ये डॉक्टरांच्या निवृत्तीला. पहिली ‘जिभेला चरचरणारी’, दुसरी ‘सगळ्यांना आवडली’ आणि तिसरी ‘सर्वांत छान’ एवढ्याच आठवणी होत्या. लग्नातली बाटली साका न नितारता थेट पेल्यांत ओतली गेली होती. त्यामुळे शेवटच्या टेबलावरच्या पाहुण्यांना काय मिळाले असेल याची कल्पना करवत नाही.

उरलेल्या नऊ बाटल्या मी एकेक करून विजेरीच्या उजेडात धरल्या. पोर्टची काच गडद असते, पण मानेपाशी मागून प्रखर उजेड धरला तर वाइनची पातळी दिसते. पाच बाटल्यांत ती मानेत होती, तीन बाटल्यांत मानेच्या पायथ्याशी उतरली होती आणि एकीत खांद्यापर्यंत खाली आली होती; तिच्या टोपीच्या कडेला चिकट थेंब वाळलेले होते. चव्वेचाळीस वर्षांच्या बाटलीची पातळी मानेच्या पायथ्याशी असणे काळजीचे नाही, खांद्याशी असणे मात्र बूच झिरपत असल्याचे लक्षण आहे. एकाच पेटीतल्या, एकाच दिवशी भरलेल्या आणि एकत्रच राहिलेल्या या बाटल्या होत्या; त्यांच्यात फरक होता तो फक्त बुचाचा. म्हणूनच ‘१९८०ची डाऊ कधीपर्यंत टिकेल’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. या नऊ बाटल्यांपुरतीच निदान तीन उत्तरे होती.

जावयाची सूचना याच टप्प्यावर निकालात निघाली. मागे पडलेल्या सालाला लिलावात मिळणारा भाव मुळातच बेताचा; त्यात एक बाटली झिरपलेली, पेटी फोडलेली आणि सुरुवातीच्या साठवणुकीचा इतिहास सांगण्यासारखा नाही. दलाली वजा जाता हाती येणाऱ्या रकमेसाठी एवढ्या वर्षांची सोबत मोडावी असे कोणालाच वाटले नाही, जावयालाही नाही. माझ्या मते अशा सालाचे हे एक सुखच आहे. १९६३ किंवा १९७७ची बाटली उघडताना हात जरा अडखळतो, कारण तिची किंमत डोक्यात असते. इथे फक्त चवीचा आणि माणसांचा विचार करायला माणूस मोकळा असतो.

पुढचा प्रश्न होता तो चाचणीसाठी कोणती बाटली उघडायची हा. डॉक्टरांचा स्वाभाविक कल झिरपलेल्या बाटलीकडे होता: ती तशीही जाणारच, मग तीच आधी पाहावी. मी त्याला विरोध केला. झिरपलेली बाटली आपल्याला तिच्या बुचाविषयी सांगते, बाकीच्या आठ बाटल्यांविषयी काहीच सांगत नाही. ती वाईट निघाली असती तर सगळेच उतरले असे वाटून घाईने सगळ्या उघडल्या गेल्या असत्या. सर्वांत चांगली बाटली उघडणेही चूक, कारण मग उरलेल्यांविषयी फाजील आशा वाटते. मानेच्या पायथ्याशी पातळी असलेल्या तिघींपैकी एक निवडली, ती दोन दिवस उभी ठेवली आणि ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी तीन वाजता उघडली.

एवढ्या जुन्या बुचात स्क्रू घातला तर त्याचा भुगा होण्याची शक्यता फार असते, म्हणून मी माझा पोर्टचा चिमटा घेऊन गेलो होतो. लांब दांड्याचा हा लोखंडी चिमटा विस्तवावर लाल होईपर्यंत तापवायचा, बुचाच्या खाली बाटलीच्या मानेभोवती मिनिटभर धरायचा, मग काढून त्याच जागी गार पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळायचे. टक् असा आवाज होतो आणि मान बुचासकट नीट कापली जाते. डॉक्टरांनी हे शस्त्रक्रियेच्या गांभीर्याने पाहिले आणि चिरा अगदी सरळ आला याबद्दल समाधान व्यक्त केले. काचेचा कण राहिला असेल तर तो अडावा म्हणून धुतलेल्या मलमलीतून, मानेखाली मेणबत्ती ठेवून, एका संथ धारेने पोर्ट डिकँटरमध्ये नितारली. साक्याची काळी रेघ खांद्यापाशी आली तेव्हा थांबलो. ७५० मिलीलीटरपैकी साधारण ६८० मिलीलीटर स्वच्छ पोर्ट मिळाली. तळाशी राहिलेला साका दाट आणि चिकट होता.

पहिल्या घोटाने निराशा केली. रंग मध्यभागी माणकासारखा लाल आणि कडेला विटकरी, तो ठीकच होता; पण वासात मद्यार्काचा उग्रपणा वर आला होता आणि फळाचा वास मागे दडला होता. उतरणीला लागलेल्या पोर्टचे हेच चिन्ह असते: फळ आणि गोडवा ओसरला की मद्यार्क उघडा पडतो, जसे भरतीचे पाणी गेल्यावर खडक दिसावेत. मात्र नुकत्याच उघडलेल्या बाटलीवरून असा निष्कर्ष काढू नये हे मी अनुभवाने शिकलो आहे. पाच वाजता उग्रपणा बराच निवला होता. सुकवलेले अंजीर, काळ्या मनुका आणि थोडा लवंगेसारखा वास वर आला होता. जिभेवर पोर्ट गोड होती, पण शेवट डाऊच्या ठेवणीप्रमाणे जरा कोरडा होता आणि हिरड्यांना जाणवेल एवढा तुरटपणा अजून शिल्लक होता. या तुरटपणामुळे मला धीर आला. टॅनिन पूर्ण संपलेले नसणे याचा अर्थ मुरण्याचे काम अजून चालू आहे.

खरी चाचणी पुढे होती. मी डिकँटरमध्ये तिसरा हिस्सा मुद्दाम राखला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, मग संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चाखला. उघड्यावर तासागणिक होणारा बदल म्हणजे बंद बाटलीत वर्षागणिक होणारा बदल नव्हे, हे मान्य. तरी हवा लागल्यावर वाइन किती तग धरते यावरून तिच्या अंगातल्या ताकदीचा अंदाज येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पहिल्या संध्याकाळइतकीच चांगली होती, संध्याकाळी किंचित हलकी, आणि तिसऱ्या दिवशी फळ जाऊन अक्रोडासारखा वास आणि मद्यार्क एवढेच राहिले. चार तासांत कोसळली असती तर मी सगळ्या बाटल्या दोन वर्षांत संपवायला सांगितले असते; तिसऱ्या दिवशीही ताजी राहिली असती तर मुलीच्या म्हणण्याप्रमाणे निम्म्या बाटल्या निश्चिंतपणे २०३० पर्यंत आणि त्यापुढेही ठेवायला सांगितले असते. या बाटलीने दिलेले उत्तर मधले होते. पोर्ट आपल्या पठारावर आहे, चढ संपला आहे, उतार दिसतो आहे पण लांब आहे. बॉयलरमागची अकरा वर्षे लक्षात घेऊन चांगल्या बुचाच्या बाटल्यांना मी दहा वर्षे दिली, मधल्यांना, म्हणजे पातळी मानेच्या पायथ्याशी असलेल्यांना, तीन.

झिरपलेली बाटली दिवाळीत, १ नोव्हेंबरला उघडली. ती खराब नव्हती, नुसती थकलेली होती. वास मोकळा झाला तो अर्ध्या तासात आणि संपलाही तेवढ्यातच. तिच्या निमित्ताने एक उपयुक्त गोष्ट मात्र कळली. फराळाच्या ताटातल्या तिखट चिवड्याबरोबर आणि चकलीबरोबर पोर्ट घेऊ नये, कारण तिखटाने मद्यार्क जाळतो. बेसनाच्या लाडवाबरोबर तिची चव अनपेक्षितपणे जुळते आणि स्टिल्टन चीजबरोबर ती जुळते हे तर इंग्रजांनी पिढ्यान्‌पिढ्या पडताळलेले आहे.

शेल्फवर याच सालाच्या, दुसऱ्या एका घराण्याच्या चार बाटल्याही होत्या. त्या घराण्याची १९८० समीक्षकांनी हलकी मानलेली होती, आणि त्यातली एक डिसेंबरात उघडली तेव्हा तिने ते खरे केले: सुरेख वास, मऊ चव, पण दुसऱ्या दिवशी सकाळीच ती विझली होती. उरलेल्या तीन पुढच्या वर्षभरात संपवायच्या असे लगेच ठरले. एकच साल, एकच तळघर आणि निकाल इतका वेगळा. त्यामुळे सालाच्या नावावरून मुदत ठरवण्याचा माझा उरलासुरला विश्वासही गेला.

डाऊच्या सात बाटल्या राहिल्या: पाच चांगल्या, दोन मधल्या. वेळापत्रक ठरवताना मी ज्याचा आधी विचार केला नव्हता ती अडचण डॉक्टरांनीच दाखवली. ते आता एकटे राहतात आणि रात्री जेवणानंतर फार तर पन्नास मिलीलीटर घेतात. अशी बाटली दोन दिवसांत संपवायला आठ-दहा माणसे लागतात. म्हणजे ती उघडण्याचा दिवस पोर्ट पूर्ण मुरण्याच्या दिवसावर अवलंबून नव्हता. घरात आठ माणसे एकत्र कधी असतात, यावर तो अवलंबून होता, आणि तशी संधी त्यांच्या घरी वर्षातून एकदा, फार तर दोनदा येते. ‘दोन-तीन वर्षांत सगळ्या संपवू’ हा त्यांचा स्वतःचा आग्रह या हिशेबात बसत नव्हता, हे त्यांनी लगेच मान्य केले. मुलीच्या मताबाबत मी उलट बाजूने बोललो. पन्नाशीसाठी चार बाटल्या राखण्याची गरज नव्हती, पण एकच राखणेही चुकीचे झाले असते. पन्नास वर्षांचे बूच ऐनवेळी दगा देऊ शकते, म्हणून ठरलेल्या प्रसंगासाठी नेहमी जोडीने बाटल्या ठेवाव्यात.

त्यावरून पुढची वाटणी झाली. दोन मधल्या बाटल्या २०२५ आणि २०२६ च्या नाताळात उघडायच्या, आणि त्या केवळ पिण्यासाठी नव्हे तर उरलेल्यांची चाल तपासण्यासाठीही. २०२६ची बाटली पहिल्या संध्याकाळीच विझली तर सगळे वेळापत्रक पुढे ओढायचे. पाच चांगल्यांपैकी तीन डॉक्टरांच्या. त्या २०२७ ते २०२९ या काळात वर्षाला एक, त्यांना हवे तेव्हा, आणि त्यांना त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही. दोन मुलीच्या पन्नाशीसाठी. त्यातली पहिली चांगली निघाली तर दुसरी उगीच आणखी दहा वर्षे लांबवायची नाही, २०३४ च्या आत उघडायची.

२०२५च्या नाताळातली बाटली मी तिथे नसताना उघडली गेली. चिमटा माझ्याकडेच असल्यामुळे डॉक्टरांनी दोन पात्यांचे बूचकाढणे वापरले; बूच मधोमध तुटले आणि अर्धे आत पडले. मलमलीतून गाळून त्यांनी ती नऊ जणांत वाटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून दुपारपर्यंतच्या चवीचा अहवाल दिला. तो २०२४ मधल्या माझ्या नोंदींशी इतका जुळला की आम्ही वेळापत्रकातली एकही तारीख बदलली नाही. मुलीच्या दोन बाटल्या तळघराच्या सर्वांत खालच्या फळीवर, बाटलीची वरची बाजू दाखवणारा पांढऱ्या रंगाचा ठिपका वर ठेवून, सुतळीने एकत्र बांधून आडव्या ठेवलेल्या आहेत.